तुमचे प्रश्न: सातबाऱ्याचा उतारा, माकडताप आणि पपईवरचा आरएनए स्प्रे

गेल्या अंकात साथीच्या तापांवर दोन पानं लिहिली होती, त्यात एका ओळीत "हे सगळे आरएनए व्हायरस" असं लिहून मी पुढे सरकले आणि मग काय, पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडून प्रश्नच प्रश्न. म्हणून या वेळचं अख्खं सदर आरएनएला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

प्रश्न (अलिबाग): मुलगी बारावीला आहे. पुस्तकात दिलंय की आनुवंशिकतेची सगळी माहिती डीएनएत असते आणि आरएनए हा नुसता निरोप्या. मग माहिती डीएनएत आहेच तर मधे निरोप्या हवाच कशाला, डायरेक्ट डीएनएवरूनच प्रोटीन का नाही बनत? ती विचारते आणि मला काही सांगता येत नाही.

उत्तर: मुलीला आधी शाबासकी द्या, कारण हा प्रश्न पाठ करणाऱ्याला पडत नाही.

आपल्या कोकणात जमिनीचे व्यवहार कसे चालतात ते तुम्हाला सांगायला नको, अलिबागवाल्यांना तर नकोच. मूळ नोंद सरकारी दप्तरात. कर्ज काढायचंय, मीटर घ्यायचंय, सहहिस्सेदाराशी भांडायचंय, तर आपण दप्तर उचलून नेतो का? नाही, सातबाऱ्याचा उतारा काढतो. पाहिजे तेवढे उतारे निघतात, एकाच वेळी चार ठिकाणी चालतात, आणि थोड्या दिवसांनी बँकवाला म्हणतो हा जुना झाला, ताजा आणा. डीएनए म्हणजे ते दप्तर, सेलच्या (पेशीच्या) न्यूक्लियसमध्ये, म्हणजे केंद्रकात, कुलूपबंद. मेसेंजर आरएनए म्हणजे उतारा, जो बाहेर येतो, रायबोसोम त्याच्यावरचं वाचून प्रोटीन बनवतो, आणि काम झालं की तो फाटून जातो.

आणि हे फाटून जाणंच महत्त्वाचं आहे, जे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. माणसाच्या सेलमधले काही मेसेंजर आरएनए काही मिनिटंच जगतात, बरेचसे काही तास. समजा तुम्ही जेवलात, साखर वाढली, एखादं प्रोटीन भरपूर हवंय, तर त्या जीनचे, म्हणजे दप्तरातल्या त्या प्रोटीनच्या नोंदीचे, पटापट हजारो उतारे काढायचे, एकेका उताऱ्यावरून ढीगभर प्रोटीन. गरज संपली की नवे उतारे काढणं बंद, जुने आपोआप नष्ट, उत्पादन बंद. डीएनएवरून डायरेक्ट बनायला लागलं असतं तर हा नळ बंद करणं फार अवघड झालं असतं, शिवाय मूळ दप्तर रोज हाताळून त्याचीच वाट लागली असती.

आरएनए टिकत का नाही, तर त्याच्यातल्या साखरेमुळे. रायबोज साखरेवर ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक जास्तीचा गट असतो तो डीएनएच्या साखरेवर नसतो, आणि हा गट शेजारच्याच जोडावर हल्ला करून स्वतःचीच साखळी तोडू शकतो. वर आरएनए खाणारे एन्झाइम सगळीकडे, आपल्या बोटांवर, घामात सुद्धा, म्हणून लॅबमध्ये आरएनएचं काम करणारे लोक ग्लोव्हज घालून बसतात आणि तरी सॅम्पल खराब झालं म्हणून डोक्याला हात लावतात. डीएनएत थायमिन हे अक्षर असतं तिथे यात युरॅसिल असतं, आणि हा बहुतेक वेळा एकपदरी असतो, हे दोन फरक मुलीला पाठ असतीलच.

बरं, निरोप्या हे नाव सगळ्या आरएनएला देणं मला तरी पटत नाही. सेलमधला एकूण आरएनए बघितला तर साधारण ८० टक्के आरएनए रायबोसोमचा असतो, निरोप्याच्या वाट्याला जेमतेम काही टक्के. रायबोसोमची रचना उलगडली म्हणून २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले एक वेंकटरामन रामकृष्णन, जन्म चिदंबरमचा आणि बीएस्सी बडोद्याला झालेली. त्या सगळ्या कामातून पक्कं झालं ते हे की रायबोसोममध्ये अमिनो अ‍ॅसिडची, म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची, साखळी जिथे जोडली जाते ती जागा प्रोटीनची नाहीच, आरएनएची आहे, म्हणजे निरोप आणणारा पण आरएनए, कामगार पण आरएनए, आणि अमिनो अ‍ॅसिड हातात धरून आणून देणारा ट्रान्सफर आरएनए तो तिसरा.

परीक्षेसाठी दोन गोष्टी अजून. एक, १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी दाखवलं की उतारा निघाल्यावर त्यातले मधलेमधले तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात, आणि ही कापाकापी वेगवेगळ्या प्रकारे होऊ शकते म्हणून एका जीनवरून एकाहून जास्त प्रोटीन निघतात. माणसाकडे प्रोटीन बनवणारे जीन सुमारे २०,००० च आहेत, तेवढ्यात आपलं भागतं त्याचं हे एक कारण. दुसरं, तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द, त्यातले ६१ वीस अमिनो अ‍ॅसिडसाठी आणि ३ थांबण्यासाठी. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाय यांनी नुसत्या युरॅसिलची साखळी घालून पहिला शब्द वाचला आणि पुढे आपल्या हरगोविंद खुरानांनी ठरावीक अक्षरं परत परत येणारे आरएनए बनवून बाकीची बाराखडी लावायला मोठा हातभार लावला, १९६८ चं नोबेल त्यासाठीच.

प्रश्न (सावंतवाडी तालुका): माझो झील सांगता की माकडताप, डेंगी, कोरोना ह्ये सगळे व्हायरस आरएनएचे. मगे सगळे वायट रोग आरएनएच्याच व्हायरसान कित्याक होतत? आणि ह्ये रूप बदलतत म्हणतत, तर माकडताप पण तसोच बदलतलो काय? काजी गोळा करूक जाताना बायलमाणसां भियतत.

उत्तर: तुमचो झील बरोबर सांगता. पुढचं मात्र माझ्या मालवणीला झेपणार नाही, तेव्हा आमच्या भाषेत.

सगळे वाईट रोग आरएनए व्हायरसचेच असं नाही हां. देवी डीएनए व्हायरसची, कांजिण्या डीएनए व्हायरसच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही पण डीएनएचा. आणि आपल्याकडे भातलावणीच्या चिखलातून येणारा लेप्टो तर व्हायरसच नव्हे, तो बॅक्टेरिया, त्याला अँटिबायोटिक लागू पडतं, म्हणून पावसाळ्यात ताप आला आणि अंग दुखायला लागलं की "व्हायरल असेल" म्हणून घरी पडून राहू नका. पण यादी काढली तर आरएनएवाल्यांची भरते खरी: डेंगी, चिकुनगुनिया, कोरोना, फ्लू, गोवर, पोलिओ, रेबीज, पाण्यातून होणारी कावीळ, आणि गोचिडीच्या चाव्यातून येणारा माकडताप.

या व्हायरसांकडे डीएनए नसतोच. म्हणजे दप्तर नाही, थेट उतारा घेऊनच सेलमध्ये शिरतात. डेंगी, माकडताप आणि कोरोना यांचा आरएनए तर असा असतो की आपला रायबोसोम तो आपलाच समजून लगेच वाचायला बसतो. बिचाऱ्याला काय कळणार उतारा खरा की कोणी बाहेरून आणलेला. त्यावरून व्हायरसचं कॉपी मशीन बनतं आणि मग कॉपीवर कॉपी.

आता बदलण्याचं. आपला डीएनए कॉपी होताना तपासणी होते, चूक खोडली जाते, त्यामुळे शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक शिल्लक राहते. आरएनए व्हायरसच्या मशीनला बहुतेक वेळा हा तपासनीस नसतो, तिथे दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक. डेंगीचा आरएनए सुमारे ११,००० अक्षरांचा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक कॉपीत नाहीतर दहा कॉपींत एकदा तरी काहीतरी चुकतंच. बहुतेक चुका व्हायरसलाच मारतात, पण कॉपी कोट्यवधी निघतात तेव्हा एखादी त्याच्या फायद्याची निघते. कोरोनाचा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा, एवढी लांब साखळी बिनतपासणी टिकलीच नसती, म्हणून त्याच्याकडे चूक खोडणारं एन्झाइम आहे. तरी तो बदलला, कारण एकाच वेळी जगभर एवढ्या माणसांत फिरत होता. आणि फ्लूच्या आरएनएत अशा बारीक चुका साठत जातात, म्हणून त्याची लस दर वर्षी नव्याने जुळवावी लागते; शिवाय त्याचा आरएनए आठ तुकड्यांत असतो, दोन फ्लू एकाच सेलमध्ये भेटले की तुकड्यांची अदलाबदल, त्यातून कधीतरी अगदीच नवा फ्लू निघतो.

पण चुका होतात म्हणजे रूप बदलतंच असं पण नाही, इथेच लोकांचा गोंधळ होतो. गोवर बघा. आरएनए व्हायरस, चुका त्याच्याही होतात, तरी १९६३ पासूनची लस आजही चालते, कारण त्याच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन बदललं की तो सेलमध्ये शिरूच शकत नाही. माकडतापाला तर दोन दोन ठिकाणी जगायचंय, गोचिडीत पण आणि माकडात पण. गोचिडीत फायद्याचा बदल माकडात नडतो, माकडातला गोचिडीत नडतो, म्हणून असे व्हायरस सांभाळून बदलतात. हा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१६ पासून दोडामार्गात आणि मग बांद्याच्या बाजूला पेशंट सापडायला लागले, तो काही अवतार बदलून आला म्हणून नव्हे. गोचीड, माकडं आणि काजूच्या बागेत, जंगलात जाणारी माणसं हे तिन्ही एका जागी आले की तो तिथे पोचतो. मला विचाराल तर घाबरायचं व्हायरसच्या रूपाला नाही, पातेऱ्यातल्या गोचिडीला.

त्यामुळे बायकांना सांगा, साधारण डिसेंबर ते मे या दिवसांत रानात जाताना पूर्ण बाह्यांचं, पाय झाकणारं घालायचं, आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळत असेल तर लावूनच जायचं, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. पातेरा गोळा करून आणून त्याच्यावरच बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य खात्याला नाहीतर वनखात्याला कळवायचं. आणि ताप आला तर "मी काजीत जाते" हे डॉक्टरला आपणहून सांगायचं, कारण पहिल्या काही दिवसांतच रक्तात व्हायरसचा आरएनए मिळतो, आरटी-पीसीआरमध्ये दिसतो, नंतर तो नाहीसा होतो आणि मग अँटीबॉडी शोधाव्या लागतात. या तापात शंभरातले तीन ते पाच पेशंट दगावतात, तेव्हा अंगावर काढू नये.

प्रश्न (मालवण): आरटी-पीसीआरमधला आरटी म्हणजे काय? कोरोनात एवढ्या वेळा नाकात काडी घातली, कोणी सांगितलं नाही.

उत्तर: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. पीसीआर मशीन फक्त डीएनएच्या कॉपी काढतं, व्हायरस तर आरएनएचा, म्हणून आधी आरएनएवरून डीएनए बनवून घ्यायचा. ती काडी बर्फातून लॅबला का पाठवायचे ते वर अलिबागच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न (देवगड): कोविशिल्डचे दोन डोस घेतले. आता गावात एक व्हिडिओ फिरतोय की आरएनए लसीने आपला डीएनए कायमचा बदलतो आणि पुढच्या पिढीत उतरतो. खरं काय ते सांगा, घरात भांडणं चालू आहेत.

उत्तर: भांडण निम्मं इथेच मिटेल, कारण कोविशिल्ड आरएनए लस नाहीच. तिच्यात चिंपांझीचा सर्दीचा एक व्हायरस वापरलाय, वाढू न शकणारा केलेला, आणि त्याच्या पोटात कोरोनाच्या काट्याच्या प्रोटीनचा जीन, तोही डीएनएच्या रूपात. तो डीएनए न्यूक्लियसमध्ये जातो हे खरं, पण आपल्या डीएनएत जोडला जाण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही, तो सुटाच राहतो आणि काही काळाने जातो. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला अख्खा व्हायरस. आरएनए लसी फायझर आणि मॉडर्नाच्या, त्या आपल्या गावात आल्याच नाहीत. भारतातली पहिली आरएनए लस पुण्यात बनली, जेमकोव्हॅक, तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तोवर आपले सगळ्यांचे दोन दोन डोस होऊन गेले होते. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० डिग्रीला ठेवावी लागायची, पुण्याची साध्या फ्रिजच्या २ ते ८ डिग्रीत राहते, देवगडसारख्या ठिकाणी तेच कामाचं.

तरी प्रश्न राहतोच की आरएनए लस घेतली असती तर? लसीतला आरएनए तेलकट थेंबात गुंडाळलेला असतो, तो सेलमध्ये शिरतो पण न्यूक्लियसमध्ये जात नाही, बाहेरच रायबोसोम त्याच्यावरून काट्याचं प्रोटीन बनवतो, शरीर ते ओळखायला शिकतं. आरएनए साधारण काही दिवसांत नष्ट. उलट संशोधकांची खरी डोकेदुखी तो टिकत नाही हीच होती, आणि शिवाय बाहेरचा आरएनए दिसला की शरीर भडकून सूज आणायचं. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की युरिडिन हे अक्षर थोडं बदललं की शरीर भडकत नाही, त्याला २०२३ चं नोबेल. साइड इफेक्ट शून्य आहेत असं मी म्हणणार नाही, तरुण मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या नोंदी आहेत, पण ती गोष्ट वेगळी, डीएनए बदलण्याशी तिचा काही संबंध नाही.

मात्र आरएनएवरून दप्तरात नोंद घालणारे व्हायरस आहेत, व्हिडिओवाल्याने बहुतेक तिथूनच उचललंय. एचआयव्ही बघा. तो आरएनए घेऊन येतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या एन्झाइमने त्याचा डीएनए करतो आणि दुसऱ्या एन्झाइमने तो आपल्या डीएनएत घुसवतो. तलाठ्याला न विचारता परस्पर फेरफार! मग सेल जिवंत असेपर्यंत ती नोंद निघत नाही, म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभर. हे एन्झाइम १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलं, तोपर्यंत डीएनएकडून आरएनएकडे एवढाच रस्ता आहे असं बहुतेक लोक धरून चालले होते. लसीत ही दोन्ही एन्झाइम नसतात.

आणि आता खरी गंमत. अशा जुन्या व्हायरसांचे घुसवलेले फेरफार आपल्या सगळ्यांच्या डीएनएत आहेत, सुमारे ८ टक्के, लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, लसबिस काही नसताना पिढ्यान् पिढ्या उतरलेले. बहुतेक मेलेले आहेत, पण एक कामाला लागलाय: गरोदरपणात वार तयार होताना सेल एकमेकांत मिसळवणारं सिन्सिटिन नावाचं प्रोटीन लागतं, त्याचा जीन मुळात व्हायरसचा. म्हणजे ज्याने कोणी तो व्हिडिओ बनवला तो सुद्धा आईच्या पोटात एका व्हायरसच्या मेहेरबानीवर वाढला. हे घरात सांगून बघा, भांडण मिटेल का वाढेल त्याची गॅरंटी नाही.

प्रश्न (गुहागर): पपईच्या झाडांना रिंगस्पॉट आलाय, पानं आखडली, फळावर गोल गोल चट्टे. एक विक्रेता आरएनए टेक्नॉलॉजीचं औषध म्हणून स्प्रे देतोय. घेऊ का?

उत्तर: आधी बाटलीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक बघा, नसेल तर बाटली परत द्या, मग तो टेक्नॉलॉजीचं काहीही नाव घेऊ दे. शिरलेला व्हायरस झाडातून काढणारा स्प्रे बाजारात नाही.

पण विक्रेत्याने कल्पना हवेतून आणलेली नाही. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका बारीक जंतावर दाखवलं की दुपदरी आरएनए सेलमध्ये गेला की सेल त्याचे बारीक तुकडे करतं आणि त्या तुकड्यांशी जुळणारा जो कोणी उतारा असेल तो शोधून फाडून टाकतं, २००६ चं नोबेल. झाडांकडे व्हायरसशी लढायचं हे मुख्य हत्यार आहे. आणि योगायोग असा की त्याचं सगळ्यात गाजलेलं शेतातलं उदाहरण पपईच. हवाई बेटांवर रिंगस्पॉटने बागा संपवत आणल्या होत्या, तिथे व्हायरसच्याच प्रोटीनचा जीन घातलेली पपई १९९८ मध्ये शेतकऱ्यांना दिली, झाड व्हायरसचा आरएनए ओळखून फाडायला लागलं आणि बागा वाचल्या. पण ते जीएम झाड, आपल्याकडे लावायला परवानगी नाही. फवारायचा आरएनए पण आता निघालाय, अमेरिकेत २०२३ च्या शेवटी बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी एकाला मान्यता मिळाली, तो किडीसाठी, व्हायरससाठी नव्हे. उन्हा-पावसात आरएनए किती टिकणार हा प्रश्न तिथेही आहेच, आपल्या जुलैत तर विचारूच नका.

तुमच्यासाठी सरळ उपाय: रोगट झाडं मुळासकट उपटून लांब पुरा किंवा जाळा, जीव तुटला तरी. हा व्हायरस मावा पसरवतो, आणि मावा सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच तो देऊन जातो म्हणून कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. नवीन लावताना रोपं जाळीतली घ्या, बागेभोवती मक्याच्या दोन ओळी लावा म्हणजे मावा तिथेच सोंड पुसून येतो, आणि जवळपास काकडी, भोपळ्याचे वेल ठेवू नका. अजून अडलं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांना पानं दाखवा.

जाता जाता, तुमच्याकडे माडही असतील म्हणून सांगते. फिलिपिन्समध्ये गेल्या शतकात कोट्यवधी माड कडांग-कडांग नावाच्या रोगाने मेले. कारण निघालं फक्त २४६-२४७ अक्षरांचा गोल, उघडा आरएनए. प्रोटीनचं आवरण नाही, एकही प्रोटीन बनवण्याची माहिती नाही, नुसता आरएनए, आणि अख्खा माड आडवा. याला व्हायरॉइड म्हणतात. आपल्या माडांचे शत्रू म्हणजे गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा आणि कोळी, पण परदेशातून कोणी हौसेने रोप नाहीतर नारळ आणत असेल तर त्याला ओरडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न (दापोली, एफवायबीएस्सी): जीवसृष्टी आधी आरएनएपासून सुरू झाली हे सिद्ध झालंय का?

उत्तर: सिद्ध नाही, पण बहुतेकांना पटणारा अंदाज आहे. डीएनएला कॉपी व्हायला प्रोटीन लागतं आणि प्रोटीन बनायला डीएनए, मग पहिलं कोण हा तिढा होता. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना आरएनए स्वतःच एन्झाइमचं काम करतो असं सापडलं, १९८९ चं नोबेल, आणि तिढा बराच सुटला: माहिती ठेवणारा पण तोच, काम करणारा पण तोच. रायबोसोमच्या मधोमध अजून आरएनएच बसलाय तो त्या काळाचा अवशेष असावा. अडचण मात्र जुनीच, एवढा नाजूक रेणू त्या काळच्या पाण्यात तयार होऊन टिकला कसा? यावर अजून भांडणं चालू आहेत, तुला रिसर्चला जायचं असेल तर जागा आहे.

प्रश्न (रायगड, कोळंबी शेती): कोळंबीवर पांढरे ठिपके येऊन तळं साफ होतं, तो पण आरएनए व्हायरस का?

उत्तर: नाही, तो दुपदरी डीएनएचा आणि चांगला मोठा व्हायरस आहे, त्यामुळे त्याच्या टेस्टला आरटी लागत नाही, नुसतं पीसीआर पुरतं. दुपदरी आरएनए देऊन कोळंबीला त्याच्यापासून वाचवायचे प्रयोग लॅबमध्ये झालेत, पण आख्ख्या तळ्याला पुरेल असं औषध नाही आणि तळ्यात आल्यावर तीन ते दहा दिवसांत खेळ संपतो. म्हणून सोडायच्या आधी हॅचरीच्या बियाण्याचा पीसीआर रिपोर्ट मागायचा, बाहेरचं पाणी गाळून आणि निर्जंतुक करूनच घ्यायचं, आणि बांधाला जाळी लावायची, कारण खेकडे स्वतः न मरता हा व्हायरस बाळगून या तळ्यातून त्या तळ्यात जातात.